ड्रायफिट सुकतच नाही? टी-शर्ट फेकण्याआधी काय तपासायचं

पावसाळी ट्रेक सुरू झाले की आमच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो : "ड्रायफिट घेतला होता, पहिलं वर्ष मस्त होता, आता सुकतच नाही. कुठला नवा घेऊ?" ड्रायफिट म्हणजे घाम पसरवून लवकर सुकणारा, बहुधा पॉलिएस्टरचा टी-शर्ट. ग्रुपचे सामायिक टी-शर्ट आणि विंडचीटर सांभाळायचं काम माझ्याकडे असल्यामुळे असे 'बिघडलेले' कपडे फिरून फिरून माझ्याकडे येतात. त्यातले बहुतेक धड असतात, फक्त बुजलेले असतात. धाग्यांमधल्या ज्या बारीक फटींतून घाम पसरायचा, त्या साबणाने, तेलाने किंवा कपडे मऊ करणाऱ्या फॅब्रिक कंडिशनरने भरून गेलेल्या असतात. काही वेळा कपड्याचा दोषच नसतो, दोष हवेचा असतो. तेव्हा पैसे खर्च करण्याआधी खाली दिलेल्या क्रमाने बघा. सुरुवातीचे तपास फुकटचे आहेत, पुढचे थोडे खटपटीचे.

लक्षणं

- धुऊन टाकलेला टी-शर्ट पूर्वी दोन-तीन तासांत वाळायचा, आता सकाळीही शिवणींना आणि काखेला दमट लागतो.
- घाम कापडात पसरत नाही. आतून ओघळतो, कापड अंगाला चिकटतं, बाहेरून मात्र कोरडं दिसतं.
- कपाटातून काढताना वास नसतो. अंगात घालून चढ लागला की दहा-पंधरा मिनिटांत आंबूस भपकारा येतो.
- चालताना ठीक वाटतं, पण माचीवर पाच मिनिटं टेकलं की हुडहुडी भरते.
- काखेत, जांघेत, सॅकच्या पट्ट्यांखाली घासून लाल होतं. पळणाऱ्यांची स्तनाग्रं सोलवटतात.
- बाकी सगळं वाळतं, पाठीचा चौकोन मात्र ओलाच राहतो.

ही सगळी एकाच दुखण्याची लक्षणं नाहीत. पहिलं आणि शेवटचं बहुधा हवेशी किंवा उरलेल्या पाण्याशी संबंधित असतं. दुसरं आणि तिसरं म्हणजे कापड बुजलंय. चौथं आणि पाचवं हे परिणाम आहेत, कारण कुठलंही असलं तरी ते दिसतातच.

सुकण्याचा एवढा बाऊ का करायचा, तर थंडी आणि घासणं या दोन गोष्टींसाठी. साचलेल्या हवेच्या तुलनेत पाणी साधारण पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. शिवाय दर ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. चढताना शरीर भरपूर उष्णता तयार करत असतं, त्यामुळे हा खर्च हवाहवासा वाटतो. तुम्ही थांबता तेव्हा शरीराची भट्टी मंदावते, कापडातलं पाणी मात्र आपली वसुली चालूच ठेवतं. कापडात १०० ग्रॅम पाणी असेल तर ते उडून जाईपर्यंत जवळपास २४० किलोज्यूल, म्हणजे ५५-६० किलोकॅलरी, कुठून तरी यायला हव्यात. त्यातला मोठा वाटा तुमच्या अंगातून जातो. घासण्याचं कारण आणखी साधं आहे : ओली कातडी मऊ पडते, कापडाला धरून ओढली जाते आणि सोलवटते.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. लवकर सुकणं सगळीकडे चांगलंच असतं असं नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे कोरड्या उन्हात फिरायचं असेल तर ओला सुती सदरा फार सुखाचा, कारण तो हळूहळू सुकतो आणि तेवढा वेळ गारवा देतो. ही सगळी कटकट सह्याद्रीतला पाऊस, कोकणातला दमटपणा आणि हिमालयातली थंडी यांच्यासाठी आहे.

पहिला तपास : दोष हवेचा आहे का?

टी-शर्टाच्या शेजारी त्याच दोरीवर एक साधा सुती रुमाल, तसाच पिळून, वाळत घाला. रुमालही तितकाच रखडत असेल तर टी-शर्टाला बोल लावू नका.

यामागचा हिशेब सोपा आहे. २५ अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता ५० टक्के असेल तर साडेअकरा ग्रॅमची जागा शिल्लक असते. जुलैत पुण्याच्या बाल्कनीत किंवा लोणावळ्याच्या मुक्कामी आर्द्रता ९० टक्क्यांवर जाते तेव्हा उरते फक्त २.३ ग्रॅमची. पाच पट कमी. जगातलं सगळ्यात महागडं कापड आणलं तरी त्यातलं पाणी जाणार कुठे?

याच हिशेबातून सुटण्याची वाटही सापडते. अंगावरचं कापड उबेने ३० अंशांच्या आसपास असेल, तर त्याला लागून असलेल्या हवेच्या थरात ३० ग्रॅमपर्यंत वाफ असते आणि भोवतालच्या त्याच दमट हवेत असते २०.७ ग्रॅम. फरक जवळपास १० ग्रॅमचा, म्हणजे दोरीवरच्यापेक्षा चौपट. म्हणून मुक्कामी पोचल्यावर किंचित दमट राहिलेला पातळ टी-शर्ट दोरीवर टाकण्यापेक्षा अंगावर ठेवून वरून कोरडा स्वेटर चढवला तर तो लवकर वाळतो. अट एवढीच : तुम्ही छपराखाली आहात, पोटात गरम काही गेलंय आणि थंडी वाजत नाहीये. चिंब भिजलेल्या कपड्यावर किंवा हुडहुडी भरलेली असताना हा प्रयोग करायचा नाही. तेव्हा आधी कोरडं घालायचं.

घरी असाल तर बाल्कनीचा मोह सोडा. खोलीत, पंख्याखाली, कपडा उलटा करून, हँगरला लावून, शेजारच्या कपड्यापासून वीतभर अंतर सोडून टाका. पंखा हवेतली वाफ कमी करत नाही, पण कापडाला चिकटून बसलेला दमट थर ढकलून देतो आणि बराचसा फरक तिथेच पडतो. दारं-खिडक्या पूर्ण लावून घेऊ नका, नाहीतर तीच वाफ खोलीत फिरत राहते. एसी असेल तर ड्राय मोडवर तासभर लावा, तो खोलीतलं पाणी खरोखर बाहेर काढतो.

दुसरा तपास : आत काय घातलंय, वर काय घातलंय?

हा तपास हास्यास्पद वाटतो, पण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. ड्रायफिटच्या आत सुती बनियन घालणारे कमी नाहीत. घाम आधी बनियन पितं आणि धरून बसतं, वरच्या टी-शर्टापर्यंत तो धड पोचतच नाही. घाम कातडीवरून थेट कापडात जायला हवा, म्हणून कापड कातडीला टेकलेलं हवं. त्याच कारणाने दोन साइझ मोठा, झुलणारा टी-शर्टही नीट काम करत नाही. सुती अंडरवेअर हा जांघेतल्या घासण्याचा मुख्य आरोपी. पँट कितीही भारी घ्या, आतलं बदललं नाही तर उपयोग शून्य.

वरच्या बाजूला रेनकोट किंवा पोंचो असतो. प्लास्टिकचा साधा रेनकोट घालून चढ चढलात तर आतली हवा काही मिनिटांत वाफेने भरते आणि टी-शर्ट आतूनच भिजतो. पाऊस झिमझिम असेल तर मी चढावर रेनकोट काढून टाकतो, सरळ भिजतो आणि वर पोचल्यावर बदलायला एक कोरडा टी-शर्ट पिशवीत बांधून नेतो.

पाठीचा ओला चौकोन सॅकमुळे असतो. तिथे वारा पोचत नाही. जाळीची पाठ असलेली सॅक थोडी मदत करते, बाकी त्यावर औषध नाही.

तिसरा तपास : लेबल

कॉलरमागचं किंवा बाजूच्या शिवणीतलं लेबल वाचा. 'ड्रायफिट' म्हणून रस्त्यावर आणि दुकानातही काहीही विकलं जातं. सूत-पॉलिएस्टर मिश्रण असेल तर त्याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नका. प्रमाण हवेत ठेवलं तर पॉलिएस्टर आपल्या वजनाच्या अर्धा टक्क्याहूनही कमी ओल शोषतं, नायलॉन चार टक्क्यांच्या आसपास, सूत सात-आठ टक्के आणि लोकर पंधराच्या आसपास. पॉलिएस्टरचा धागा स्वतः जवळजवळ पाणी पीतच नाही. जे काही पाणी असतं ते धाग्यांच्या मधल्या फटींत.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. दोरीवरच्या कपड्याचा बहुतेक वेळ हे फटींतलं मोकळं पाणी उडण्यात जातो आणि त्याचा वेग कापडाच्या नावापेक्षा हवेवर ठरतो. म्हणजे सुकायला किती वेळ लागेल हे मुख्यतः सुरुवातीला किती पाणी उरलंय यावर अवलंबून. जाड पॉलिएस्टर पातळ सुतापेक्षा उशिरा सुकू शकतं, आणि सुकतंही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर टी-शर्ट आधी कोरडा आणि मग पिळून ओला तोला, वजाबाकी करा. दोन टी-शर्टांची तुलना करायला याहून चांगली चाचणी घरात होत नाही. दुकानात हे करता येत नाही, तिथे कापड उजेडासमोर धरून बघा आणि पातळ निवडा.

मेरिनो लोकरीचे टी-शर्ट वापरणारे विचारतात म्हणून सांगतो : ते उशिरा सुकतात, तो बिघाड नाही. पुष्कळ ओल पोटात घेऊनही ही लोकर कातडीला ओली लागत नाही आणि वास कमी मारते, तिची गंमत तीच.

चौथा तपास : पाणी नीट काढलंय का?

'नाजूक कपडा' म्हणून ड्रायफिट न पिळता, निथळत ठेवून वाळत घालण्याची पद्धत घराघरांत आहे. साध्या पॉलिएस्टरला ड्रायरमध्ये फिरवल्याने काही होत नाही. (सेमी-ऑटोमॅटिकच्या त्या दुसऱ्या टबला आपण ड्रायरच म्हणतो, तोच.) यंत्राने पाणी फुकटात निघतं, हवेने काढायचं तर प्रत्येक ग्रॅमला उष्णता मोजावी लागते. मुक्कामी यंत्र नसेल तर कोरडा पंचा पसरून त्यावर टी-शर्ट ठेवा, दोन्हींची घट्ट वळकटी करा, तिच्यावर गुडघा देऊन दाबा. पंचा ओला होतो, टी-शर्टाचा वाळण्याचा वेळ चांगलाच घटतो. पिळा मारून ताणू नका, लायक्रा (रबरासारखा ताणणारा धागा) असलेलं कापड त्याने सैल पडतं.

यंत्रातून सगळेच कपडे निथळत बाहेर येत असतील तर प्रश्न टी-शर्टाचा राहिलाच नाही. आधी दोन गोष्टी बघा. एकटाच जड टॉवेल किंवा एक-दोनच कपडे टाकले तर ड्रमचा तोल जातो आणि यंत्र पूर्ण वेग घेतच नाही. चार कपडे वाढवून पुन्हा फिरवा. फ्रंट लोड असेल तर खालचं झाकण उघडून पाणी जाण्याच्या वाटेवरची जाळी साफ करा, तिथे नाणी, रुमाल, केसांचे गुंते काय काय निघतं. इतकं करूनही फरक नसेल तर मागचं पत्र्याचं झाकण उघडू नका. पट्टा, पंप किंवा मोटर हे मेकॅनिकचं काम आहे.

पाचवा तपास : थेंब

इथून खरा तपास सुरू होतो. कोरडा टी-शर्ट उलटा करून टेबलावर सपाट पसरा. बोट पाण्यात बुडवून आतल्या बाजूवर, म्हणजे कातडीला लागणाऱ्या बाजूवर, एकेक थेंब सोडा : छातीवर, पाठीवर, काखेत, मानेशी, छपाईच्या मागे. थेंब दोन-चार सेकंदांत बसून पैशाएवढा पसरला तर त्या जागी कापड ठीक आहे. अळवाच्या पानावर बसावा तसा गोल बसून राहिला तर तिथे काहीतरी चढलेलं आहे.

कुठे बसून राहतो त्यावरून कारण कळतं. फक्त काखेत असेल तर घामातलं तेल आणि डिओ. मानेशी असेल तर केसांचं तेल किंवा सनस्क्रीन. फक्त छपाईच्या मागे असेल तर तिथे काही करण्यासारखं नाही : मॅरेथॉनच्या टी-शर्टांवर छातीभर रबरासारखी जाड छपाई असते, तेवढा तुकडा रेनकोटच समजा. (कापडातच रंग मुरवलेली छपाई हाताला जाणवत नाही, ती चालते.) आणि सगळीकडे थेंब बसून राहत असेल, तर नव्वद टक्के संशय धुण्याच्या पद्धतीवर घ्या.

विंडचीटरला मात्र हीच चाचणी उलटी लागू होते. तिथे बाहेरून थेंब बसायला हवा, मुरला तर बिघाड.

सहावा तपास : धुण्यात काय काय पडतं?

फॅब्रिक कंडिशनर हा सगळ्यात मोठा गुन्हेगार. त्याचे रेणू एका टोकाने धाग्याला चिकटतात आणि दुसरं, चरबीसारखं टोक बाहेर काढून बसतात. म्हणून कपडा मऊ लागतो, आणि म्हणूनच पाणी त्यावर पसरत नाही. सुती चादरीला हे चालून जातं, कारण सूत आतूनही पाणी ओढतं. पॉलिएस्टरचा सगळा खेळ पृष्ठभागावर चालतो, तोच झाकला की उरलं काय? 'आम्ही कंडिशनर वापरतच नाही' म्हणणाऱ्यांनी पावडरचा डबा वाचावा, काहींमध्ये तो आधीच मिसळलेला असतो.

दुसरा गुन्हेगार म्हणजे साबणाची वडी आणि बोअरचं पाणी यांची जोडी. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारी चिकट मळी तयार करतं. बादलीच्या कडेला जी पांढरट रेघ दिसते तीच कापडातही बसते. टँकरवर किंवा बोअरवर चालणाऱ्या सोसायट्यांमधून येणारे टी-शर्ट हाताला थोडे कडक लागतात, तेही याचंच लक्षण. नळाच्या तोटीवर पांढरे खर असतील तर तुमच्याकडे पाणी जड आहे हे गृहीत धरा.

तिसरं कारण, पावडर जास्त घालणं. वास मारतो म्हणून दुप्पट पावडर, मग ती नीट निघत नाही म्हणून उरलेल्या साबणात मळ धरतो, मग आणखी वास. हे चक्र तोडायचं असेल तर पुढचं करा :

कपडा उलटा करा. हाताला सोसेल इतकं कोमट, साधारण ४० अंशांचं पाणी घ्या. त्यात नेहमीच्या निम्मं लिक्विड डिटर्जंट, कंडिशनर नसलेलं. काखेला, मानेला भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब बोटाने चोळा. ते तेल सोडवण्यासाठीच बनलेलं असतं. (मशीनमध्ये ते ओतू नका, फेस दाराबाहेर येईल.) अर्धा तास भिजवून हलक्या हाताने धुवा. मग विसळा, आणि विसळतच राहा : पाणी फेसाळायचं थांबेपर्यंत. पहिल्या वेळी साबण न घालताही फेस येताना दिसेल, तो मागच्या कित्येक धुण्यांचा शिल्लक साबण असतो. पाणी जड असेल तर शेवटून दुसऱ्या पाण्यात, अर्ध्या बादलीला अर्धी वाटी साधं पांढरं व्हिनेगर घाला, दहा मिनिटं ठेवा, पुन्हा साध्या पाण्यातून काढा. आम्ल क्षारांची मळी सोडवतं. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र आणू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. क्लोरीनचं ब्लीच तसंही या कपड्यांच्या जवळ नेऊ नये, लायक्रा आणि नायलॉन त्याने खलास होतात.

वाळल्यावर पुन्हा थेंबाची चाचणी. थोडा फरक पडला असेल तर हेच आणखी एकदा करा, जुना थर एका खेपेत सुटत नाही. दोनदा करूनही थेंब जागचा हलत नसेल तर तिसऱ्यांदा कष्ट घेऊ नका.

वास वेगळा हाताळा

थेंब मुरतोय पण भपकारा जात नाही, अशीही केस असते. पॉलिएस्टरला पाण्याचा तिटकारा आणि तेलाचं प्रेम. घामासोबत आलेलं त्वचेचं तेल ते घट्ट धरून ठेवतं आणि त्यावर जिवाणू पोसतात. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात २०१४च्या सुमारास व्यायामानंतरचे टी-शर्ट तपासले गेले, तेव्हा पॉलिएस्टरचे टी-शर्ट सुती टी-शर्टांपेक्षा जास्त घाणेरडा वास मारत होते आणि त्यांच्यावर मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू चांगले वाढलेले सापडले. कपाटात वास का येत नाही? थंड, कोरड्या कापडातून त्या तेलकट रसायनांची वाफ फारशी होत नाही. अंगाची ऊब आणि ओल मिळाली की ती सुटतात.

सुकणं आणि वास यांचा थेट संबंध आहे. कापड जितका वेळ दमट, तितका वेळ जिवाणूंची मेजवानी. ट्रेकहून आल्यावर ओला गोळा सॅकमध्ये सोमवार रात्रीपर्यंत ठेवणाऱ्यांचे टी-शर्ट मी वासावरून ओळखतो. रात्री उशीर झाला असेल तर धुऊ नका, पण निदान साध्या पाण्यातून काढून पंख्याखाली टाका. आधीच मुरलेल्या वासाला ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट असलेली डाग काढायची पावडर, कोमट पाण्यात तासभर चांगली लागू पडते. आधी आतल्या शिवणीवर रंग जातो का ते बघून घ्या. अत्तर, डिओ, कापूर हे उपाय नाहीत.

सातवा तपास : कापड खरंच गेलंय का?

इथवर येऊनही फरक नसेल तर तीन शक्यता उरतात आणि तिन्हींना इलाज नाही.

एक, इस्त्री. कापड उजेडात तिरकं धरा. काही भाग गुळगुळीत, चकचकीत दिसत असेल तर धागे कडक इस्त्रीने दबून एकमेकांना चिकटलेत. कोळशाच्या इस्त्रीला तापमान मोजायची सोय नसते. इस्त्रीवाल्याकडे ड्रायफिट देऊच नये. खरं तर त्याला इस्त्रीच लागत नाही.

दुसरी शक्यता स्वस्त मालात नेहमीची. घाम पसरवण्याचा गुण दोन प्रकारे आणतात. एक म्हणजे धाग्याचा आकारच खाचांचा बनवायचा. ड्युपाँ कंपनीने १९८६मध्ये आणलेला कूलमॅक्स धागा असाच आहे, खाचांमधून पाणी आपोआप सरकतं. दुसरी, स्वस्तातली पद्धत म्हणजे साध्या धाग्यावर रसायनाचा हात मारायचा. खाचा धुऊन जात नाहीत, रसायन जातं. टी-शर्ट नवा असताना मस्त होता, कंडिशनर कधी लावला नाही, पाणीही जड नाही, आणि तरी थेंब बसून राहतो, तर हेच झालंय.

तिसरी, लायक्रा तुटणं. कॉलर आणि बाह्या लाटांसारख्या दिसायला लागतात, कापड अंगाला टेकत नाही.

असा टी-शर्ट घरात, सायकल पुसायला, काहीही करायला ठेवा. पावसाळी मुक्कामाला मात्र नेऊ नका.

विंडचीटरबद्दल थोडक्यात

बाहेरून कापड गडद, ओलं दिसायला लागलं आणि आत गारठा जाणवला की जॅकेट गळतंय असं वाटतं. बहुतेक वेळा ते गळत नसतं. बाहेरचा पाणी झटकणारा लेप थकलेला असतो, वरचं कापड भिजतं, आतली वाफ बाहेर जाणं थांबतं आणि तुमचाच घाम आत जमतो. कंडिशनरविना धुवा, भरपूर विसळा, पूर्ण वाळवा. लेबल परवानगी देत असेल तर मध्ये सुती कापड ठेवून अगदी मंद इस्त्री फिरवा. उष्णतेने तो लेप पुन्हा जागा होतो. नाही झाला तर लेपाचा फवारा विकत मिळतो. आतला पांढरा थर सालपटासारखा निघत असेल किंवा शिवणींवरची पट्टी सुटली असेल तर फवाऱ्याचे पैसे वाचवा.

इथे थांबा

यंत्राचं वर सांगितलं. उरलेल्या दोन गोष्टी कपड्याच्या नाहीत, माणसाच्या आहेत, आणि तिथे घरगुती शहाणपणा चालत नाही.

गडावर भिजलेला माणूस थरथरत असेल तर त्याला वाऱ्यातून आडोशाला घ्या, ओलं सगळं काढा, कोरडं घाला, स्लीपिंग बॅगमध्ये घालून गरम गोड काही पाजा. तो अडखळत बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, किंवा थरथरणं बंद होऊन गुंगीत जाऊ लागला, तर 'थंडी कमी झाली' असं समजू नका, प्रकृती बिघडत चालली आहे. त्याला चालवत खाली आणू नका, हात-पाय चोळू नका, दारू तर अजिबात नाही, शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका. ११२ किंवा १०८ला फोन करा आणि जवळच्या गावातून माणसं बोलवा.

दुसरं, जांघेतली किंवा काखेतली लाली. कोरडं ठेवून दोन-चार दिवसांत गेली तर ती घासण्याची होती. कडा उचललेली, गोल, खाजणारी आणि पसरत जाणारी असेल तर तो बहुधा नायटा, म्हणजे बुरशीचा संसर्ग, आहे. औषधाच्या दुकानातून मागून आणलेल्या मलमांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. खाज आठवडाभर थांबते, बुरशी आतल्या आत पसरत राहते आणि मग ती हटता हटत नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि आधी काही लावलं असेल तर ती ट्यूब सोबत न्या.